ताणावरची बाग: मन कोरडं पडलं असताना पवित्र जीवनात कसं वाढावं

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. नागपूरच्या सदरमध्ये रविवारची उपासना आटोपून मी स्कूटर काढत होतो, तेवढ्यात एक पोरगा जवळ येऊन उभा राहिला. दीड-दोन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेला, खापरीकडे कंपनीत कामाला. सलाम झाला, उन्हाला नावं ठेवून झाली, आणि मग तो खाली बघत म्हणाला, "काका, प्रार्थना करून राहिलो, पण भिंतीशी बोलल्यावानी वाटते. पहिले असं नव्हतं. माझं काही चुकून राहिलं का?"

अशा प्रश्नाला पार्किंगमध्ये उत्तर देता येत नाही. त्याला घरी आणलं, कूलरसमोर बसवलं, लिंबाचं सरबत दिलं. त्या दुपारी आणि पुढच्या काही महिन्यांत आमचं जे बोलणं झालं, त्यातलं कामाचं तेवढं इथे मांडतो. मी पाळक नाही, धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. अजनीला रेल्वेत नोकरी केली, मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, काही वर्षं वडील (कारभार पाहणारा ज्येष्ठ) म्हणून सेवा केली, आणि आयुष्यात दोनदा अशा कोरड्या काळातून स्वतः गेलो. कॅथलिक वाचकांना माझे शब्द थोडे परके वाटतील. मी उपासना म्हणतो तिथे मिस्सा समजा आणि पाळक म्हणतो तिथे फादर. ढोबळ आहे, पण काम भागेल.

आधी काटोलकडची एक बाग

माझ्या साडूची काटोलजवळ संत्र्याची बाग आहे. लग्नानंतर पहिल्यांदा डिसेंबरात तिकडे गेलो तेव्हा बाग पाहून मला वाईट वाटलं. पानांचा तजेला गेलेला, कडा वळलेल्या, बुडाशी पिवळ्या पानांचा सडा. विहिरीत तर पाणी दिसत होतं. मी म्हटलं, "पाणी काहून तोडलं? झाडं मरतीन ना." तो हसला. "ताण नाही देल्ला तं बहार कसा फुटन, भाऊ?"

ज्यांना संत्रा फक्त ठेल्यावर माहीत आहे, त्यांच्यासाठी सांगतो. आंबिया बहार घ्यायचा असला की डिसेंबरच्या सुमारास बागेचं पाणी बंद करतात. त्याला ताण देणं म्हणतात. पाणी तुटलं की झाडाची नवी पालवी थांबते, आणि वाढीवर खर्च होणारं अन्न फांद्यांत साठत जातं. मग जानेवारीत पाणी सोडलं की त्या साठ्यावर झाड फुलतं. मृग बहार घ्यायचा तर हाच ताण मे महिन्यात. म्हणजे बाहेरून जी बाग मेल्यासारखी दिसते, तिच्या आत काम चालू असतं. पण साडूनं आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मी तेव्हा नीट ऐकली नाही. हलक्या जमिनीला ताण कमी दिवस, भारी काळ्या जमिनीला जास्त. मोजमाप चुकलं तर बहार राहतो बाजूला, फांद्या वाळून सल होते आणि ती कापून काढावी लागते. म्हणून ताणाच्या दिवसांत तो बागेत एरवीपेक्षा जास्त फेऱ्या मारतो. पाणी बंद असतं, मालक हजर असतो.

हा दाखला मी त्या पोराला दिला आणि लगेच त्याच्यावर एक लगामही घातला. झाड स्वतःला ताण देत नाही. मुद्दाम उपाशी राहून, झोप मोडून, स्वतःला छळून पवित्रता येईल असं कोणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. आणि दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट दाखवून "देव तुला ताण देऊन राहिला" असं म्हणायला तर कधीच जाऊ नका. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसून होते तोवर बरे होते. बोलायला लागले आणि बिघडलं.

पायरी १: कोरडेपणा कुठला आहे ते ओळखा

एक साधी वही घ्या. सव्वाशे पानी, शाळेच्या पोरांची असते तशी. मोबाईलमध्ये नको, मोबाईल उघडला की माणूस दुसरीकडेच जातो. वहीत तीन प्रश्नांची उत्तरं लिहा.

पहिला: शरीर ठीक आहे का? झोप किती, जेवण कधी, दुखणं काय? हा प्रश्न मी मुद्दाम आधी घेतो, कारण विश्वासणारी माणसं त्यालाच टाळतात. बायबलमधलं १ राजे, अध्याय १९ काढा. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरवणारा संदेष्टा एलीया दुसऱ्या दिवशी जीव वाचवायला रानात पळतो, झुडपाखाली आडवा होतो आणि मरण मागतो. देवदूत त्याला काय देतो? निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घालतो. एकाही शब्दाचं प्रवचन नाही. होरेब डोंगरावर देवाशी झालेलं बोलणं चाळीस दिवसांनंतरचं. नाईट शिफ्ट करून, सकाळी चहा-बिस्किटावर झोपणाऱ्या माणसाला प्रार्थनेत मन लागत नसेल, तर त्याचा पहिला उपाय वरणभात आणि सहा-सात तास झोप हा आहे.

दोन-तीन आठवडे झोप उडालेली असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर डॉक्टरकडे जा. मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, मानसोपचाराची ओपीडी आहे. शासनाची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास फुकट चालते. गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी, हे मधुमेहाच्या माणसाला कोणी म्हणत नाही. मनाच्या आजारालाच का म्हणायचं?

दुसरा प्रश्न: एखादी चूक आहे का, जी मला माहीत आहे पण मी तिच्याकडे बघत नाही? "मी पापी आहे" असं मोघम लिहू नका. भावाशी बोलणं बंद आहे, ऑफिसच्या बिलात हात मारला, रात्री मोबाईलवर नको ते बघतो, असं नाव घेऊन लिहा. असेल तर कोरडेपणाचं कारण बरंचसं सापडलं. पाळकांकडे किंवा एखाद्या पिकल्या माणसाकडे जाऊन बोला, कॅथलिक असाल तर पापनिवेदनाला बसा, आणि ज्याचं नुकसान केलं त्याला ते भरून द्या. येशूला भेटलेल्या जकातदार जक्कयानं चौपट परत करायची तयारी दाखवली होती, तीही झाडावरून उतरल्या उतरल्या.

तिसरा: वरचं दोन्ही नसून मन कोरडं आहे का? मग ही वाट पुष्कळांनी तुडवलेली आहे. मदर तेरेसांची खासगी पत्रं त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, २००७ साली बाहेर आली आणि जगाला कळलं की जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना आत देवाचं सान्निध्य जाणवत नव्हतं. त्या काळातही रस्त्यावरचे रोगी उचलणं चालूच होतं.

आपल्या सदरच्या मोठ्या कॅथलिक चर्चला आणि एसएफएस कॉलेजला ज्यांचं नाव आहे, त्या संत फ्रान्सिस डी सेल्सचंही तेच. त्या नावावरून रोज हजारो माणसं जातात, पण हा कोण होता हे फार थोड्यांना माहीत आहे. जन्म १५६७चा. पॅरिसला शिकत असताना, वय अंदाजे एकोणीस, त्याच्या डोक्यात बसलं की आपण नरकासाठीच नेमलेले आहोत. जेवण सुटलं, झोप सुटली. हे सुमारे सहा आठवडे चाललं. शेवटी एका चर्चमध्ये गुडघ्यावर बसून त्यानं ठरवलं: देवा, मेल्यानंतर तुझ्यावर प्रेम करायला मिळणार नसेल, तर निदान या आयुष्यात तरी करीन. आणि ओझं उतरलं. हाच माणूस पुढे जिनीव्हाचा बिशप झाला आणि भित्र्या, स्वतःला कोसणाऱ्या माणसांना धीर देणं हेच त्याचं काम होऊन बसलं.

पायरी २: पवित्र म्हणजे काय, ते लेवीय १९ मध्ये वाचा

आपल्याकडे 'पवित्र' म्हटलं की सोवळं डोळ्यांपुढे येतं, नाहीतर डोळे मिटून हात वर केलेला माणूस. "तुम्ही पवित्र व्हा, कारण मी तुमचा देव परमेश्वर पवित्र आहे," ही आज्ञा बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या १९व्या अध्यायाच्या सुरुवातीला आहे. तिच्यानंतर देव काय काय सांगतो ते बघा.

शेताच्या कडेपर्यंत कापणी करू नको, गरिबाला आणि परक्याला सोड. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवून घेऊ नको. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नको. चहाड्या करत फिरू नको. पिकल्या केसांसमोर उठून उभा राहा. तराजू खरा, वजन खरं, माप खरं ठेव.

मला हा अध्याय इतवारीतला वाटतो. धान्याची पोती, काटा, हमाल, उधारीची वही, सगळं त्यात आहे. 'मन भरून आलं पाहिजे' असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. मजुरी वेळेवर द्यायला मन भरून यावं लागत नाही.

त्या पोराला मी विचारलं, "भिंतीशी बोलल्यावानी वाटते हे समजलं. पण तुझ्या हाताखालच्या कंत्राटी पोरांशी तू कसा बोलतो?" तो जरा दचकला. प्रार्थनेबद्दल विचारायला आला होता, मी शिफ्टचं काढलं. पण नवख्यांची गाडी इथेच अडते. रविवारी गाण्यात डोळ्यांत पाणी आलं तर आठवडा चांगला, नाही आलं तर देव दूर, असा हिशेब सुरू होतो. कोरडा काळ आला की हा हिशेब कोलमडतो. कोलमडू द्या, तो चुकीचाच होता.

करायचं असं: लेवीय १९ सावकाश वाचून त्यातली एकच आज्ञा या महिन्यासाठी निवडा. एकच. घरी पोळ्या-भांड्याला मावशी येत असतील तर पगार एक तारखेला, त्यांनी मागायच्या आत द्या. दुकान असेल तर काटा तपासून घ्या. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाच्या घरची गोष्ट पुढे ढकलायची सवय असेल तर महिनाभर तो अंगठा आवरा. हे शेवटचं मला स्वतःला सगळ्यात जड गेलं. पोळ्यावाल्या मावशींचा पगार वेळेवर देणं त्यापुढे सोपं.

इथे एक गैरसमज होऊ नये. ही कामं करून आपण तारण, म्हणजे पापातून सुटका, कमावत नाही. ते कृपेनं फुकट मिळालेलं आहे. फिलिप्पैकरांस पत्रात पौल एका दमात दोन्ही सांगतो: आपलं तारण भीत व कापत साधून घ्या, आणि इच्छा व कृती घडवणारा देवच तुमच्यात काम करतो आहे. पाणी मालकाचं. मुळं धरून राहणं आपलं.

पायरी ३: प्रार्थना लहान करा, तोडू नका

नवख्याची सवयीची चूक अशी: मन लागत नाही म्हणून तो प्रार्थना वाढवतो. रात्रभर जागतो, तीन दिवसांचा उपास धरतो, चौथ्या दिवशी थकून सगळंच सोडतो. त्यापेक्षा दहा मिनिटं ठरवा आणि ती मोडू नका. नागपूरच्या उन्हाळ्यात पहाटे साडेपाचची वेळ उत्तम, कूलर बंद करता येतो आणि जरा शांतता असते. नवतपा लागला की दुपारी प्रार्थनेला बसणारा माणूस तिसऱ्या मिनिटाला घोरतो, हा स्वानुभव.

शब्द सुचत नसतील तर उसने घ्या. स्तोत्र १३ फक्त सहा वचनांचं आहे आणि त्यात दावीद चार वेळा विचारतो, "किती काळ?" देवाला असं विचारणं चालतं, हेच पुष्कळांना माहीत नसतं. स्तोत्र ८८ त्याहून काळोखं. बाकी विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी उजेडाकडे वळतात, हे अंधारातच संपतं. मला ते कित्येक वर्षं अर्धवट राहिल्यासारखं वाटायचं. आई गेली त्या वर्षी पहिल्यांदा कळलं की ते तसंच संपायला हवं होतं.

गेथशेमाने बागेत प्रभूनं तीनदा प्रार्थना केली, आणि मत्तय सांगतो की तिसऱ्यांदाही तेच शब्द पुन्हा बोलून केली. नवीन शब्द नव्हते. तुम्हीही एकच वाक्य धरा. "प्रभू येशू, माझ्यावर दया कर" पुरतं. मेट्रोत, सिताबर्डीला गाडी बदलताना, सिग्नलला थांबल्यावर म्हणा. मोठ्यानं म्हणायची गरज नाही, बाजूचा माणूस सरकून बसेल.

रात्री झोपण्याआधी वहीत दोन ओळी: आज कुठे देवाची दया दिसली, आज कुठे घसरलो. दोनच. निबंध लिहायला लागलात की आठवड्यात बंद पडाल.

पायरी ४: वाचायला डोंगरावरच्या प्रवचनापासून बसा

नवीन माणूस उत्पत्तीपासून सुरू करतो आणि निवासमंडपाच्या फळ्या आणि खुंट्या मोजताना अडकतो. त्याचा दोष नाही.

कवी नारायण वामन टिळक बाप्तिस्म्याआधी काही काळ आपल्या नागपुरात आप्पासाहेब बुटींकडे कामाला होते. १८९३च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं जाताना डब्यात एक युरोपीय प्रवासी भेटला. कवितेवर बोलणं झालं, आणि उतरताना त्यानं टिळकांना नवा करार दिला, वाचायचं वचन घेतलं. टिळकांनी पेन्सिल घेऊन खुणा करत वाचायला सुरुवात केली, आणि मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनाशी आले तेव्हा त्यांना पुढे जाववेना. रेल्वेतला माणूस म्हणून मला ही गोष्ट जरा जास्तच आवडते. आपल्याच लाइनीवर घडलेली.

तुम्हीही तसंच करा. मत्तय ५ ते ७, तीनच अध्याय, महिनाभर. पेन्सिल हातात. न पटलेल्या जागी प्रश्नचिन्ह काढा. कळलेल्या एका वाक्यावर दिवसभर चाला. यूट्यूबवरची चार-चार प्रवचनं एका दिवसात ऐकणं म्हणजे वाचन नव्हे. त्यातही पैसे पाठवा म्हणजे आशीर्वाद येईल असं सांगणारा असेल तर तो व्हिडिओ तिथेच बंद करा. अडचणीतला माणूस अशांच्या हाती पटकन लागतो.

पायरी ५: धुक्यात रूळ बदलू नका

इग्नेशियस लोयोला हा स्पेनचा शिपाईगडी. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडला, बिछान्यावर पडून राहावं लागलं, आणि तिथेच त्याला आपल्या मनाच्या भरती-ओहोटीचा अभ्यास करायची सवय लागली. त्याचा एक नियम मी आमच्या अभ्यासवर्गात सगळ्यांना पाठ करायला लावतो: मन उजाड असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलायचा नाही. मन शांत असताना जे ठरवलं, तेच पाळत राहायचं.

म्हणजे कोरड्या काळात मंडळी बदलणं, लग्न मोडणं, नोकरी सोडून 'पूर्णवेळ सेवेत' उडी घेणं, किंवा "हे सगळं खोटंच होतं" असा निकाल देऊन बायबल माळ्यावर टाकणं, यातलं काहीही नाही. जीवाला धोका असेल, घरात मारहाण असेल, कोणी अत्याचार करत असेल तर हा नियम लागू नाही. तिथून आधी बाहेर पडायचं, मदत घ्यायची, मग बाकीचं.

पायरी ६: एकटे राहू नका

इथे माझीच चूक सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी एका मंडळीत पैशांवरून आणि पदांवरून भांडण झालं. कोण बरोबर होतं ते सोडा, आम्ही सगळेच मोठ्यानं बोललो. मी चिडून जाणं बंद केलं. चार महिने रविवारी घरातून वेळेवर निघायचो, कारण बायकोला सांगायची हिंमत नव्हती, आणि टपरीवर बसून पेपर वाचायचो. तर्री पोहे खायचो. त्या चार महिन्यांत कोणीही माझा विश्वास काढून घेतला नाही, तो नुसता पातळ होत गेला. शेवटी एका म्हाताऱ्या बाईंनी घरी फोन केला, "भाऊ दिसत नाहीत, बरे नाहीत का?" बायकोनं फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. पुढचं सांगायची गरज नाही.

येशूचा शिष्य थोमा याची गोष्ट आपण 'संशयी' म्हणून सांगतो. योहान २० परत वाचा. मेलेल्यांतून उठलेला येशू शिष्यांना भेटला त्या पहिल्या रविवारी तो तिथे नव्हता. बाकीच्यांनी सांगितलेलं त्याला पटलंही नाही. तरी आठ दिवसांनी तो त्यांच्याचबरोबर त्याच खोलीत होता. न पटलेल्या माणसानं आठवडाभर सोबत राहणं, आणि इतरांनी त्याला राहू देणं, ही दोन्ही मोठी कामं आहेत.

तुम्हाला पन्नास माणसं लागत नाहीत, दोन-तीन पुरे. मेथडिस्ट पंथाच्या वर्गसभांची (छोट्या गटांच्या साप्ताहिक बैठकांची) सुरुवात कशी झाली ठाऊक आहे? १७४२ साली ब्रिस्टलमध्ये प्रार्थनागृहाचं कर्ज फेडायचं होतं. बारा-बारा जणांचे गट केले, दर आठवड्याला माणशी एक पेनी. गटाचा प्रमुख पेनी गोळा करायला घरोघर जायला लागला आणि त्याला कळायला लागलं की कोण आजारी आहे, कोण पितो, कोणाचं घर मोडतंय. मेथडिस्टांचा पुढारी जॉन वेस्ली याच्या लक्षात आलं की वसुलीपेक्षा ही विचारपूस मोलाची आहे. आपल्या बायकांची भिशी अशीच असते. पैसे निमित्त, खरी गंमत चहाबरोबरच्या बोलण्यात. आमच्या मोहल्ल्यातल्या दोन विधवा बहिणी भिशीच्या दिवशीच एकमेकींसाठी प्रार्थना करतात. वेगळी सभा नाही, वेगळं नाव नाही.

असा एक माणूस शोधा. तुमच्यापेक्षा वयानं मोठा असला तर बरं, तुमची री ओढणारा नको. आठवड्यातून एकदा अर्धा तास. वहीतल्या दोन ओळी त्याला वाचून दाखवा. आणि प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधला भाकर-द्राक्षरसाचा विधी, चुकवू नका. तिथे तुम्हाला काही वाटावं लागत नाही, हात पुढे करावा लागतो.

घरचे लोक विश्वासात नसतील तर

याची पायरी करत नाही, कारण प्रत्येक घर वेगळं. नवा विश्वास घेऊन घरी गेलात आणि पहिल्याच जेवणाला वाद घातलात, तर दार बंद होतं. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं, त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे त्या स्वतःच्या वाटेनं, स्वतःच्या वेळेनं विश्वासात आल्या. घरच्यांचा वेळ घरच्यांचा असतो. तुम्ही आईचा गॅस नंबर लावा, बाबांना दवाखान्यात न्या, सणाला घरी हजर राहा, आणि जे करता येणार नाही ते नम्रपणे एकदा सांगून गप्प बसा.

पायरी ७: पडलात तर

पडालच. महिनाभर राग आवरून एकतिसाव्या दिवशी व्हरायटी चौकात रिक्षावाल्यावर ओरडाल. त्यानंतर जे होतं ते जास्त धोक्याचं: "मी असाच, माझ्यानं होणार नाही."

फ्रान्सिस डी सेल्सनं यावर फार बारीक निरीक्षण केलं आहे. काही माणसं रागावतात, मग आपण रागावलो म्हणून स्वतःवर रागावतात, मग त्या रागावरही वैतागतात. तो म्हणतो, याच्या मुळाशी अहंकार आहे. आपण इतके कसे चुकलो याचाच धक्का बसलेला असतो. त्याचा उपाय: पडलेल्या मनाला हळूच उचला, लहान मुलाला उचलतात तसं, आणि चालायला लावा. माफी मागा, ज्याच्यावर ओरडलात त्याचीही, आणि वहीत एक ओळ लिहून पुढच्या दिवसाकडे वळा.

फळही मोजत बसू नका. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले. शाळा चालवल्या, गोंडी भाषेचे शब्द गोळा केले, दगड-जीवाश्म गोळा केले, त्यांच्या नावाचं एक खनिजही आहे. ४ सप्टेंबर १८६३ला, जुनी शिळावर्तुळं पाहून परतताना पुरात बुडून गेले. सेहेचाळीस पूर्ण व्हायला चार दिवस बाकी होते. आज ज्या कॉलेजमुळे नागपूरकर त्यांचं नाव घेतात, ते १८८३चं. त्यांच्यानंतर वीस वर्षांनी.

पाणी परत सुटतं तेव्हा

कोरडेपणा कधी संपेल ते तारीखवार सांगता येत नाही. पण एखाद्या रविवारी काहीच कारण नसताना गाण्याची एक ओळ आत उतरते, किंवा पहाटेची दहा मिनिटं कधी पंचवीस झाली ते कळत नाही. अशा वेळी नवखा माणूस आनंदात मोठमोठे नवस बोलतो: आता रोज तीन तास प्रार्थना, दर शुक्रवारी उपास, पगारातला अर्धा हिस्सा दान. माझा साडू ताण तोडताना पहिलं पाणी हलकं देतो. एकदम भरपूर पाणी सोडलं तर फुलांऐवजी पालवीच जोर धरते, असं त्याचं म्हणणं. तेव्हा आधीची दहा मिनिटं तशीच ठेवा, लेवीय १९ मधली दुसरी आज्ञा निवडा, आणि त्या दिवसाची तारीख वहीत लिहून ठेवा. पुढच्या ताणात ती शोधावी लागते.

तो पोरगा अजून येतो. भिंतीबद्दल विचारलं तर म्हणतो, "आहे जागेवर, काका." कंत्राटी पोरांच्या ओव्हरटाइमचा हिशेब मात्र त्यानं मागच्या महिन्यात साहेबाशी भांडून सरळ करून घेतला. त्या कागदाचा फोटो मला पाठवला होता. खाली काहीच लिहिलं नव्हतं, नुसता फोटो.